‘थ्रो युवर वेट अराउंड’ कसं वापरायचं

रावेरकडे केळीचा ट्रक भरला जातोय. माल मालकाचा, मजूर मुकादमाचे, पण मालकाचा मेहुणाच सगळ्यांवर खेकसतोय: हा घड इकडं ठेव, तो तिकडं. अशा माणसाबद्दल इंग्रजीत म्हणतात, ‘ही इज थ्रोइंग हिज वेट अराउंड.’ म्हणजे गरज नसताना अधिकार गाजवणं. मुकादमानं ‘आधी हा ट्रक भरा’ सांगितलं, तर ते त्याचं कामच. तिथे हा वाक्प्रचार लावू नका. मराठीत याला सगळ्यात जवळचं म्हणजे ‘वट दाखवणं’. वट आणि वेट यांचं नातं काही नाही, पण लक्षात ठेवायला बरं.

वाक्य करताना ‘युवर’ माणसाप्रमाणे बदलतं: हिज, हर, देअर. भूतकाळात ‘थ्रू’. माणसं कितीही असोत, ‘वेट’ एकवचनीच राहतं. ‘वेट्स’ म्हटलं की लोखंडी वजनं फेकल्यासारखं वाटेल. ब्रिटिश इंग्रजीत ‘अराउंड’ऐवजी ‘अबाउट’ही चालतं. लिहिताना स्पेलिंग वजनाचं, वाट पाहण्याचं नव्हे.

आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे ‘डोन्ट थ्रो युवर वेट ऑन मी’. मराठीतल्या ‘माझ्यावर’चा हा परिणाम. या वाक्प्रचारात कोणावर ते येत नाही, नुसतं ‘स्टॉप थ्रोइंग युवर वेट अराउंड’ म्हणायचं. कोणावर ते सांगायचंच असेल तर ‘बॉस’ घ्या, आणि माणूस मधे ठेवा: ‘ही बॉसेस मी अराउंड’. याचा कर्मणी प्रयोगही होतो: ‘आय डोन्ट लाइक बीइंग बॉस्ड अराउंड’.

‘वेट’चे इतर वाक्प्रचार यात मिसळू नका. ‘थ्रो युवर वेट बिहाइंड’ म्हणजे एखाद्याच्या पाठीशी उभं राहणं. एका शब्दानं अर्थ पार फिरतो. ‘पुल युवर वेट’ म्हणजे आपल्या वाट्याचं काम करणं. मुलाखतीत ‘आय पुल माय वेट’ म्हटलं तर कौतुक, ‘आय थ्रो माय वेट अराउंड’ म्हटलं तर नोकरी गेलीच समजा.

भाषा बोलण्यातली आहे, सूर तक्रारीचा. जळगाव-धुळ्याच्या ऑफिसात सहकाऱ्यांशी बोलताना चालेल, साहेबाच्या तोंडावर नको. लेखी तक्रारीत ‘मिसयूझिंग हिज अथॉरिटी’ लिहा आणि पुढे तारखेसकट काय घडलं ते द्या.