कपाशी उभ्या उभ्या सुकतेय? औषध नंतर, आधी चारी फोडा

पंधरा-वीस दिवस पावसाचा खंड, कडक ऊन, जमिनीला भेगा आणि मग एका रात्रीत धो-धो पाऊस. भाद्रपदात खानदेशात असं बऱ्याचदा होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाशीची हिरवीगार झाडं माना टाकतात. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा या पट्ट्यातली ठिबकवरची पूर्वहंगामी कपाशी आता कैऱ्यांनी (हिरव्या बोंडांनी) लदलेली आहे. पहिला फटका तिलाच बसतो, कारण झाड जितकं डेरेदार तितकी त्याची पाण्याची ओढ जास्त. ही आकस्मिक मर. रोग नाही, कीड नाही. काळ्या जमिनीत पाणी तुंबून मुळं गुदमरतात, एवढंच. तरी दरवर्षी पाणी शेतात तसंच राहतं आणि माणूस दुकानाच्या पायरीवर उभा असतो.

खात्री करायला एक झाड उपटा आणि खोड उभं चिरा. आतला भाग पांढरा, मुळाची साल घट्ट असेल तर आकस्मिक मर. आत तपकिरी रेघा दिसल्या तर फ्युजेरियम बुरशीची मर. साल कुजून सुटत असेल आणि झाड ओढताच हातात येत असेल तर मूळकूज. आकस्मिक मरीत सुकलेली झाडं शेतभर विखुरलेली असतात, शेजारचं झाड ठणठणीत दिसतं.

पाण्यात उभं झाड तहानेनं सुकतं ते असं. हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. जमिनीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की एक-दोन दिवसांत मुळांपाशी ऑक्सिजन उरत नाही आणि मुळाच्या पेशीत आम्लता वाढते. पेशीच्या पडद्यात अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं असतात, पाणी त्यांच्यातून आत येतं. आम्लता वाढली की ही प्रथिनं मिटतात. २००३ मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपाच्या मुळांवर हे सिद्ध झालं. खाली चिखल, वर ऊन, आणि पाणी वर चढायची वाट बंद. पानं लोंबलेली बघून याच वेळी बरेच जण ठिबक चालू करतात. ते कृपा करून करू नका, उरलीसुरली हवाही त्यानं जाते.

पुढचा टप्पा याहून वाईट. गुदमरलेल्या मुळात एसीसी नावाचा पदार्थ साठतो आणि रसाबरोबर वर चढतो. पानात ऑक्सिजन असतो, तिथे एसीसी ऑक्सिडेज हे प्रथिन त्याचं इथिलीन (झाडाचं वायुरूप संप्रेरक) करतं. इथिलीन वाढलं की पानांचे देठ खाली वाकतात, देठाच्या सांध्यातल्या पेशींच्या भिंती विरघळतात आणि पाते (कळ्या), फुलं, लहान कैऱ्या गळतात.

मुळांमध्ये इथिलीनचा निरोप पेशीला मरायला सांगतो. आधी पेशीत कॅल्शियम वाढतं, पडद्यावरची प्रथिनं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, मग इतर प्रथिनं कापणारी प्रथिनं जागी होतात. प्राण्यांत हे काम कॅस्पेज करतात. वनस्पतींत कॅस्पेज नाहीत, त्यांचे दूरचे नातलग मेटाकॅस्पेज आहेत. जोडीला व्हीपीई नावाचं प्रथिन असतं. पेशीच्या मधोमध असलेली रसाची मोठी पिशवी फुटायला ते कारण होतं, आणि पिशवीतले पाचक रस बाहेर येऊन पेशी आतूनच संपवतात. मका या मरणाचा उपयोग करून घेतो. मुळाच्या सालीतल्या काही पेशी मारून तो पोकळ्या करतो आणि वरची हवा त्यातून टोकापर्यंत नेतो. म्हणून तुंबलेल्या पाण्यात मका थोडा तग धरतो. कपाशीला अशा पोकळ्या पुरेशा करता येत नाहीत.

ती पिशवी एकदा फुटली की कुठलंच टॉनिक पेशी परत जोडत नाही. जे काही वाचवायचं ते पहिल्या २४ ते ४८ तासांत.

पाणी काढण्याचं काम असं करा. पाऊस उघडताच बांधावरून फिरा आणि पाणी कुठे थबकलंय ते पाहा. शेताच्या सर्वांत खोल कोपऱ्यात बांध फोडून हात-दीड हात खोल चारी नाल्यापर्यंत न्या. बहुतेक ठिकाणी चारी असते, पण तिचं तोंड गवतानं, वाहून आलेल्या गाळानं किंवा नव्या रस्त्याच्या भरावानं बुजलेलं असतं. शेजाऱ्याच्या शेतातून पाणी न्यायचं असेल तर आधी बोलून घ्या, पण तासभरही वाट पाहत बसू नका. उतारच नसेल तर कोपऱ्यात खड्डा करून पंपानं उपसा. ओळींमधल्या सऱ्या उताराच्या बाजूला फावड्यानं तोडून चारीला जोडा. वाफसा आला (चिखल जाऊन जमीन नुसती ओलसर राहिली) की कोळप्याच्या फासाला दोरी गुंडाळून कोळपणी करा. माती ओळीकडे सरकते, मधे सरी पडते आणि पुढचा पाऊस आपोआप निघून जातो. चिखलात मात्र औत घालू नका, जमीन दाबली जाते.

आळवणी, म्हणजे मुळाशी द्रावण ओतणं, पाणी निघाल्यावरच. पुढच्यापैकी एक करा, प्रतिझाड १०० मिली, मुळाशी:

– युरिया २०० ग्रॅम + पांढरा पोटॅश (०:०:५०) १०० ग्रॅम + कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ग्रॅम, १० लिटर पाण्यात
– विद्राव्य खत १३:०:४५ एक किलो + कोबाल्ट क्लोराइड २ ग्रॅम + कॉपर ऑक्सिक्लोराइड २५० ग्रॅम, २०० लिटर पाण्यात

आळवणीनंतर झाडाभोवतीची माती पायानं दाबून घ्या. कोबाल्ट एसीसी ऑक्सिडेजला अडवतं, म्हणून इथिलीन कमी होतं. २०० लिटरला २ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग), त्यावर एक चिमूटही नको. सोनाराच्या काट्यावर तोलून आणा, हातमोजे घाला. पूर्ण शेताला आळवणीची गरज नाही, माना टाकलेली झाडं आणि त्यांच्या लगतची पुरेत. आमचा अंदाज असा की संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानं थोडी तरी उचलली गेली तर झाड वाचतं. सकाळीही तशीच लोंबलेली असतील तर त्यावर पैसा घालू नका.

दुकानात ‘मर’ म्हटलं की कार्बेन्डाझिम, ह्युमिक, अमिनो, समुद्री शेवाळ असा संच पुढे येतो. खोड आतून पांढरं असेल तर कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाला मारायला तिथे बुरशीच नाही (आळवणीतलं कॉपर फक्त खबरदारी म्हणून). ह्युमिक-अमिनोनं जमिनीत ऑक्सिजन येत नाही. त्याच पैशात दोन मजूर लावून चारी निघते.

गळ थांबवायला, ऊन पडल्यावर आणि झाड सावरल्यावरच, एनएए (वाढ संजीवक) ४.५ टक्के ७ मिली १५ लिटरच्या पंपाला. जास्त घेतलं तर उलट परिणाम होतो.

बाकी कामं:

– कपाशी, गुलाबी बोंडअळी: एकरी २ कामगंध सापळे, सलग तीन रात्री प्रतिसापळा ८ पतंग किंवा १० टक्के फुलं-कैऱ्या किडलेल्या आढळल्यास फवारणी
– कपाशी, पानं लाल पडत असल्यास: मॅग्नेशियम सल्फेट १०० ग्रॅम प्रति १० लिटर
– मका, पोंग्यात लष्करी अळी: इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के ४ ग्रॅम प्रति १० लिटर, थेट पोंग्यात
– मका, पाण्यानं खालची पानं पिवळी: वाफसा आल्यावर एकरी अर्धी गोणी युरिया
– केळी, करपा: रोगट पानं कापून बागेबाहेर, प्रोपिकोनॅझोल १० मिली प्रति १० लिटर

केळीच्या बागेतही चारी बघा. ठिबकच्या सबमेनसाठी (जमिनीतल्या उपनळीसाठी) खणलेला चर नीट दाबला नसेल तर पाणी तिथेच मुरतं आणि त्या ओळीची झाडं आधी पिवळी पडतात. हस्ताचा पाऊस अजून यायचाय. कपाशी आज सावरलेली असली तरी चारीचं तोंड या आठवड्यातच मोकळं करून ठेवा.