मस्कादे घेताना लेबलवर ‘सूर ली’ शोधा

फ्रान्सची उत्तम पांढरी वाईन कमी पैशांत चाखायची असेल, तर लुआर नदीच्या मुखाजवळच्या नाँत परिसरातली मस्कादे घ्या. नाव मस्कॅट या बहुधा गोड वाईनसारखं असलं तरी ही गोड नाही, चांगली कोरडी आहे. द्राक्षही वेगळं, ‘मलाँ द बूर्गोन्य’. 1709च्या भीषण थंडीत तिथल्या वेली मेल्या, तेव्हा थंडी सोसणारं हे वाण तिकडे पसरलं.

लेबलवर ‘सूर ली’ हे शब्द हवेतच. म्हणजे ही वाईन आंबवण संपल्यावरही हिवाळाभर तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर राहिली आणि तिथूनच बाटलीत भरली गेली. त्या गाळामुळे तिला भरीवपणा येतो, ताज्या पावाची पुसटशी चव येते. शक्य असेल तर साधी मस्कादे आणि ‘सूर ली’ शेजारी शेजारी दोन ग्लासांत ओतून चाखा. वाचून कळत नाही ते एका घोटात कळतं. थोडे जास्त पैसे असतील तर लेबलवर ‘क्लिसाँ’ या तिथल्या गावाचं नाव पाहा, ती गाळावर किमान दोन वर्षं मुरते.

फार गार करू नका, 10 अंशांच्या आसपास ठेवा. नाँतकडे ती कालवांबरोबर पितात. परदेशात राहणाऱ्यांनी तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर जरूर करून बघा, फक्त तिखट जरा कमी घाला.