ओव्हनमध्ये अख्खा लसूण कसा भाजायचा

खानापूरकडं आमच्या आजीच्या घरी भाकऱ्या झाल्या की चुलीच्या निखाऱ्यात लसणाचा गड्डा पुरून ठेवायचे, जेवायला बसेपर्यंत आतनं एकदम मऊ व्हायचा. आता बेळगावात फ्लॅटमध्ये चूल कुठली, पण ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, तसाच लसूण होतो, फक्त घाई करायची नाही.

आधी लसूण बघून घ्या. जवारी म्हणजे गावठी लसूण वासाला भारी पण पाकळ्या बारीक, लवकर सुकतात, म्हणून पहिल्यांदा करताय तर मोठ्या पाकळ्यांचाच घ्या. गड्डा घट्ट पाहिजे, हिरवा कोंब आलेला नको, तो कडवट लागतो.

ओव्हन २०० डिग्रीला १० मिनिटं तापत ठेवा, वरचा खालचा दोन्ही रॉड चालू. तोवर गड्ड्याचं वरचं सुटं साल काढा, पण पाकळ्या सुट्ट्या करू नका, आणि शेंड्याकडनं साधारण अर्धा सेंटीमीटर कापा म्हणजे सगळ्या पाकळ्यांची तोंडं दिसतील. मुळाकडची बाजू तशीच ठेवायची, तिथंच गड्डा धरून राहतो. वरनं चमचाभर तेल सोडा. ऑलिव्ह ऑइल पाहिजेच असं नाही, आपलं शेंगतेल घाला की, मला तर तेच आवडतं. चिमूटभर मीठ घाला आणि फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, वाफ बाहेर जाता कामा नये कारण त्या वाफेवरच लसूण आतनं शिजतो.

मधल्या जाळीवर ठेवून ४० मिनिटं. जवारी असेल तर २५ मिनिटांनी बघा. सुरी पाकळीत घातल्यावर लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे, थोडी जरी अडकली तर परत गुंडाळून आणि १० मिनिटं. शेवटी फॉइल उघडून ५ मिनिटं ठेवला की वरनं तांबूस रंग येतो. मी एकदा लवकर व्हावा म्हणून २३० ला लावला, तर वरनं काळा आणि आत कच्चा, सगळा कडू. मधेच करंट गेला तर दार उघडू नका, आत ऊब बराच वेळ टिकते, करंट आल्यावर उरलेला वेळ लावा. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडवरच करा, साध्या मायक्रोवेव्ह मोडवर फॉइल अजिबात घालायची नाही, ठिणग्या उडतात.

बरेच जण विचारतात की एवढा उग्र लसूण गोड कसा लागतो. लसूण चिरला किंवा ठेचला की आतलं अ‍ॅलिनेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं आणि अ‍ॅलिसिन तयार होतं, तोच तो झणका. अख्खा गड्डा तापवला की ठेचायच्या आधीच ते एन्झाइम निकामी होतं, मग झणका तयारच होत नाही आणि लसणाची मुळातली गोडी पुढं येते. म्हणून पाकळ्या ठेचून भाजल्या तर ही चव मिळत नाही.

कोमट झाला की गड्डा बुडाकडनं दाबा, पाकळ्या सालातनं आपोआप बाहेर येतात. गरम जोंधळ्याच्या भाकरीवर लोणी आणि हा लसूण चोळून खा, वर शेंगाची चटणी. वांग्याच्या भरतात कालवला तर अजून भारी, आमटीत मात्र घालू नका, फोडणीपुढं त्याची चव दबून जाते.

उरला तर एक गोष्ट नक्की पाळा. तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवायचा नाही, कितीही छान दिसत असला तरी. तेलाखाली हवा लागत नाही आणि लसणात आंबटपणा नसतो, तिथं बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि त्याचा वास किंवा चव कळत नाही. झाकणाच्या डब्यात लगेच फ्रिजमध्ये ठेवा, ३-४ दिवसांत संपवा. जास्त केलाय तर कुस्करून बर्फाच्या ट्रेत घालून फ्रीझरमध्ये टाका, लागेल तसा एकेक खडा काढता येतो.