लेगोचं पीसी कॅबिनेट बांधायचंय? आधी स्टड मोजा

लेगोचं कॅबिनेट म्हटलं की लोक आधी रंग ठरवायला बसतात. रंगाचं नंतर बघू, आधी मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) ठरवा कारण सगळी मापं त्याच्यावरून निघतात. पहिल्यांदा करणाऱ्याने सरळ मिनी आयटीएक्स या छोट्या मापाचा घ्यावा, १७० बाय १७० मिलीमीटरचा, आणि त्यातही इंटेल एन१०० सारखा कमी वीज खाणारा प्रोसेसर असलेला. मोठं ग्राफिक्स कार्ड वगैरे टाकून गेमिंग पीसी करायचा असेल तर हा उद्योग करू नका, नेहमीचं पत्र्याचं कॅबिनेट आणा.

आता मापं. ठोकळ्यावरचे जे गोल उंचवटे असतात ते स्टड, आणि एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिमी. ठोकळ्याची उंची ९.६ आणि पातळ प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेट बरोबर एक ठोकळा. एवढं पाठ झालं की बाकी सगळं कागदावर सुटतं. बोर्ड १७० चा, म्हणून आतली जागा २२ स्टड (१७६ मिमी), भिंत दोन स्टड जाडीची, म्हणजे बाहेरून २६ बाय २६ आणि ३२ बाय ३२ च्या बेसप्लेटवर (खालचा स्टडवाला पातळ पाट) आरामात मावतं. एक स्टडची भिंत कराल तर माल निम्मा लागेल पण हात लावला की डुगडुगणार. दोन स्टडच्या भिंतीला एका रांगेत २ बाय ४ चे २४ ठोकळे जातात, दहा रांगा धरा, फॅन आणि पोर्टच्या भोकांचे वजा करा, साधारण दोनशे लागतील. नवीन घ्यायला गेलात तर खिसा रिकामा, त्यामुळे सेकंडहँड बघा किंवा दुसऱ्या कंपनीचे जुळणारे ठोकळे, फक्त आधी थोडेच आणून घट्ट बसतात का ते तपासा, सैल असले तर परत करा.

बेसप्लेट लवचिक असते, ती आधी प्लायच्या तुकड्यावर चिकटवून टाका. गोंद लागतो तो एवढ्यालाच, भिंतींना अजिबात नको, नाहीतर पुढे रॅम बदलायला पण हातोडी घ्यावी लागेल.

बोर्डाची स्क्रूची भोकं स्टडच्या ८ मिमीच्या जाळीत बसत नाहीत, कितीही फिरवून बघा. सोपा उपाय म्हणजे ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचा १७५ बाय १७५ चा तुकडा कापून आणायचा, त्यावर बोर्ड ठेवून पेनने भोकं मार्क करायची, ड्रिल मारायचं आणि पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब, लावायचे (पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात). शीटच्या खाली कडेकडेने दोन थर प्लेट द्या म्हणजे स्क्रूची डोकी खाली अडकणार नाहीत. बोर्ड हातात घ्यायच्या आधी कुठल्यातरी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा, प्लास्टिकवर स्टॅटिक साठतं.

भिंत गवंडी विटा लावतो तशीच, खालच्या सांध्यावर वरचा ठोकळा आलाच पाहिजे आणि कोपऱ्यात एक रांग आडवी एक उभी. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथूनच फाकते.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ८० मिमीचा फॅन. रुंदीला बरोबर १० स्टड आणि उंचीला ८ ठोकळे अधिक १ प्लेट, म्हणजे ७६.८ अधिक ३.२, नेमके ८०! एक स्क्रू न लावता तो भिंतीत घट्ट बसतो. १२० चा रुंदीला १५ स्टडमध्ये बसतो पण उंचीला जमत नाही, १४० चा तर कशातच नाही. मागच्या पोर्टच्या (यूएसबी वगैरे) पत्र्याचं ओपनिंग १५८.७५ बाय ४४.४५ असतं, त्याला २० स्टड आणि ४ ठोकळे अधिक २ प्लेट (४४.८) सोडा, साधारण दोन रांगा झाल्यावर, पण बोर्ड आत ठेवूनच नक्की करा. पत्रा लेगोत खटकन बसत नाही, डबल टेप लावा. आणि या २० स्टडच्या वर एकच लांब ठोकळा मिळणार नाही, तेव्हा लांब प्लेटचे दोन-तीन थर सांधे चुकवून टाका. शेवटी चारही भिंती एका लेव्हलला आणायला प्लेट आहेतच.

अडीच इंची एसएसडीला (डेटा साठवायची डिस्क) ९ बाय १३ स्टडचा कप्पा, उंची तीन प्लेट. पॉवर बटण १६ मिमीचं घ्या, दोन स्टड रुंद आणि पाच प्लेट उंच भोकात बसतं, त्याच्या दोन वायरींना उलटसुलट नसतं, एलईडीला मात्र असतं.

पॉवर सप्लायबद्दल मी हट्टी आहे. २३० व्होल्ट या डब्याच्या आत येता कामा नये. बाहेर १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि आत पिको पीएसयू (१२ व्होल्टवर चालणारा चिमुकला पॉवर सप्लाय), किंवा थेट डीसी इनपुट असलेला बोर्ड. पत्र्याच्या कॅबिनेटला अर्थिंग मिळतं, याला मिळत नाही.

प्लास्टिक वितळेल का असं सगळे विचारतात. लेगो एबीएस प्लास्टिकचा असतो, तो साधारण १०० डिग्रीच्या पुढे मऊ पडतो, फॅनमधून निघणारी हवा त्याच्या जवळपास पण जात नाही, फक्त हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता खेचणारा धातूचा तुकडा) भिंतीला टेकू देऊ नका. आणि हा उद्योग काही नवा नाही: १९९६ मध्ये स्टॅनफर्डला लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन (पुढे गूगल काढणारे) यांनी ४ जीबीच्या दहा हार्ड डिस्क अशाच खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या डब्यात बसवल्या होत्या, आणि २०१२ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात ६४ रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डाचे कॉम्प्युटर) लेगोच्या रॅकमध्ये लावून छोटा सुपरकॉम्प्युटर केला होता.

झाकण पूर्ण दाबू नका, चार कोपऱ्यांत एकेक स्टड पकडला तरी पुरे, नाहीतर उघडताना भिंतीची वरची रांग पण हातात येते. फॅनवर जाळी लावा, पहिल्यांदा तासभर जड काम (लोड) देऊन टेंपरेचर बघा, मग टेबलावर ठेवा.