उंदरांचं खाजवणं मोजणारा कॅमेरा चुकत होता

सॉफ्टवेअरचे आकडे आणि मी डोळ्यांनी मोजलेले आकडे जुळतच नव्हते. उंदीर पुढच्या पायांनी तोंड पुसत बसला की यंत्र खुशाल "खाजवलं" म्हणून नोंद करी, आणि खरं खाजवणं मात्र निसटून जाई. दोन आठवडे मी मॉडेललाच, म्हणजे व्हिडिओतून खाजवणं ओळखायला शिकवलेल्या प्रोग्रामलाच, दोष देत होतो. उदाहरणं वाढवून पुन्हा पुन्हा शिकवलं. व्यर्थ.

शेवटी व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला, तेव्हा उलगडा झाला. उंदीर मागच्या पायाने खाजवतो तो सेकंदाला साधारण 10 ते 20 वेळा. माझा कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेमचा. म्हणजे एका फटक्याला जेमतेम दीड ते तीन फ्रेम, त्याही धूसर! पाय जिथे दिसायला हवा तिथे नुसता करडा डाग. बिचारं मॉडेल काय ओळखणार?

मग कॅमेरा 240 फ्रेमवर नेला आणि एक्स्पोजर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, कमी केलं. त्याने चित्र काळं पडलं, म्हणून इन्फ्रारेड दिवे वाढवले. उंदरांना तो प्रकाश जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्यांचा अंधार मोडला नाही. पारदर्शक तळाखालून चित्रण केल्यावर मागचा पाय लपेनासा झाला.

राहिला अंग झटकणं खाजवणं म्हणून मोजलं जाण्याचा घोळ. तिथे अट घातली: मागचा एकच पाय हलला पाहिजे आणि किमान तीन फटके सलग हवेत. एकेकट्या फटक्याची नोंद यात सुटते, ते मी चालवून घेतलं.