आधी थांबायला शिकवा : बालवर्गातल्या मुलांना नृत्य शिकवताना

विशारद झालं की पहिली विचारणा येते ती बहुधा छोट्यांच्या वर्गाची. सोसायटीतलं कुणीतरी जिन्यात गाठून म्हणतं, "ताई, आमच्या नर्सरीतल्या मुलीला घ्याल का? दिवसभर नाचतच असते." जवळच्या प्लेग्रुपलाही आठवड्यातून दोनदा येणारी नृत्यशिक्षिका हवी असते. मोठ्या मुलींना तत्कार, तोडे, तिहाया शिकवता येतात, तर एवढ्याशा मुलांना शिकवणं सोपंच जाईल असं वाटतं. मी कथक शिकवते आणि बरीच वर्षं डोंबिवलीत तीन ते पाच वयाचा वर्ग घेते आहे. या वर्गात नव्याने उतरणाऱ्या मुलींना मी जे सांगते तेच इथे लिहिते. मुलग्यांनीही वाचावं, छोट्यांच्या वर्गाला पुरुष शिक्षक फार कमी मिळतात आणि ते हवे आहेत.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं : सुरुवातीचे दोन-तीन महिने स्टेप्स शिकवायच्या नाहीत. थांबायला शिकवायचं.

तबल्याचा ठेका सुरू असताना मुलांनी हॉलभर चालायचं, ठेका बंद झाला की जिथे असू तिथे पुतळा व्हायचं. एवढाच खेळ. पहिल्या दिवशी निम्मी मुलं धावतच राहतात, काही जण थांबलेल्यांवर जाऊन आपटतात. दोन-तीन आठवड्यांत सगळा वर्ग एका क्षणी थांबायला लागतो. त्याचा अर्थ मुलं कानाने ऐकून अंगाला आवर घालायला लागली. नाच तिथून सुरू होतो. शिवाय वर्गातली शिस्तही यातूनच येते. थांबता येणाऱ्या मुलांवर ओरडावं लागत नाही.

मग त्या थांबण्याला नेम द्यायचा. तबला बंद करून तोंडाने बोल म्हणायचे : "थेई तत् धा, थेई तत् धा, थेई तत् धा." तिसऱ्या 'धा'ला पुतळा. पहिल्या दोन 'धा'ला चार वर्षांचं मूल नुसतं पाय आपटतं, पण तिसरा जवळ आला की खांदे वर जातात, श्वास धरला जातो, डोळे माझ्या तोंडाकडे लागतात आणि 'धा' म्हणताच पाय घट्ट रोवले जातात. तिहाई (तोच तुकडा तीनदा म्हणणं) आणि सम (तालाची पहिली मात्रा) हे शब्द उच्चारण्याची गरज नाही. तीनदा आलं की थांबायचं, हे अंगाला कळलं आहे. मोठ्या वर्गात बारा वर्षांच्या मुलींना समेवर येताना जी ओढ समजावून सांगावी लागते, ती इथे आपोआप दिसते. माझ्या मते बालवर्ग घेण्याचं सगळ्यात मोठं सुख हेच.

लयीबद्दल एक गैरसमज बहुतेकांचा असतो. लहान मुलं म्हणजे लय संथ ठेवावी, असं आपल्याला वाटतं. असतं उलट. या वयाची स्वतःची चाल आपल्यापेक्षा जलद असते आणि संथ लयीत दोन मात्रांमधली जागा धरून ठेवणं त्यांना अवघड जातं. मी ॲपवर ठेका मिनिटाला १२० मात्रांच्या आसपास लावते. तीनतालाच्या सोळा मात्रांचा हिशोब अजिबात सांगत नाही. 'ता थेई थेई तत्' हा चार मात्रांचा तुकडा पुरेसा. तोही आधी टाळीवर, मग बसून मांडीवर, मग उभं राहून पायाने. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, आधी आणि पाय नंतर, हा क्रम मोडू नका. ज्या मुलाच्या तोंडात बोल बसला त्याच्या पायात तो यायला वेळ लागत नाही.

डावं-उजवं या वयात पक्कं नसतं. "उजवा पाय पुढे" म्हटलं की अर्धा वर्ग चुकणारच आणि चुकलं की काही मुलं पुढचं करायचंच सोडून देतात. आम्ही 'खिडकीकडचा पाय' आणि 'दाराकडचा पाय' म्हणतो. तुम्ही मुलांसमोर तोंड करून उभे असाल तर आरशासारखं उलटं करून दाखवा, म्हणजे त्यांचा खिडकीकडचा पाय हवा असेल तर तुमचाही खिडकीकडचाच उचला. बोलायला सोपं आहे, पण वर्षानुवर्षं गुरूंच्या मागे उभं राहून शिकलेल्या आपल्या अंगाला याची सवय लागायला वेळ जातो. घरी आरशासमोर सराव करा.

आता शरीराबद्दल, कारण इथे अज्ञानाने इजा होऊ शकते. तीन-चार वर्षांच्या पुष्कळ मुलांचे गुडघे आत झुकलेले दिसतात, तळवे सपाट असतात. वाढीचा तो नेहमीचा टप्पा आहे. त्यामुळे गुडघे हाताने दाबून बाहेर वळवणं, भरतनाट्यमच्या वर्गात अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या स्थितीत) बराच वेळ बसवून ठेवणं, हे करायचं नाही. दोन्ही पायांनी उडी तीन वर्षांच्या मुलांना येते, एका पायावर लंगडी साधारण चार वर्षांनंतर जमायला लागते. नर्सरी आणि सीनियर केजी एकाच वर्गात असतील तर दोघांना एकच काम देऊ नका. लंगडीच्या जागी धाकट्यांना बेडूकउडी द्या. घुंगरू तर या वयात नकोतच. वजन असतं, दोऱ्या सुटतात, आणि त्या आवाजात मूल स्वतःच्या पायाचा आवाज ऐकतच नाही. आईने हौसेने विकत आणले असतील तर घरी पूजेला ठेवायला सांगा.

मुलाला एका हाताने ओढायचं नाही, दोन्ही हात धरून गरगर फिरवायचंही नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा हात झटक्याने ओढला गेला तर कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं. डॉक्टरांकडे या दुखापतीची मुलं नेहमी येतात. म्हणून छोट्यांच्या वर्गात फुगडी नाही. ती घालायची हौस असेल तर प्रत्येकाने आपापल्या कमरेवर हात ठेवून एकट्याने गिरकी घ्यायची, तीही दोन-तीन फेऱ्या, आणि मग खाली बसायचं.

जमीन बघूनच हॉल ठरवा. गुळगुळीत टाइल्सवर पायमोजे घातलेलं मूल पडतंच, त्यामुळे अनवाणी. सतरंजी अंथरू नका, ती पायाखाली सरकते. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या जाड मॅट बऱ्या. उड्या मोजक्याच. जागा दाखवण्यासाठी रंगीत चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या तर मुलं खाली बसून नखांनी त्या सोलायला लागतात आणि त्यातच वर्ग संपतो. खडूने गोल काढा. पुसला गेला तर पुन्हा काढू, आणि तो काढायला एखाद्या रडणाऱ्या मुलाला बोलवा.

रिंगण हे आपल्याकडे आयतं मिळालेलं साधन आहे. नवरात्रात मी पाटावर हत्ती काढून मधे ठेवते आणि मुलं त्याभोवती फेर धरतात. कोकण-पुण्याकडचा भोंडला, काही ठिकाणी त्यालाच हादगा म्हणतात, विदर्भात भुलाबाई. एरवी "गोल करा, गोल करा" असं कितीही सांगा, दोन मिनिटांत गोलाचं वांगं होतं. मधे बघण्यासारखं काहीतरी असलं की अंतर आपोआप राखलं जातं. शेवटी खिरापत ओळखायची. डबा कानाशी हलवून "खडखड वाजतंय की मऊ आहे?" एवढ्यावरून चुरमुरे, लाडू, केळं असे अंदाज सुरू होतात. एका मुलीने तीन दिवस प्रत्येक वेळी "श्रीखंड" असंच उत्तर दिलं आणि चौथ्या दिवशी तिच्या आजीने खरंच श्रीखंडाच्या वड्या पाठवल्या. नवरात्र संपलं तरी मी मधे काहीतरी ठेवतेच, कधी समई, कधी पावसाळ्यात उघडी छत्री.

हस्तमुद्रा शिकवाव्यात का, असं नवीन शिक्षिका विचारतात. थोड्या जरूर शिकवा. पताक (बोटं जोडून सरळ धरलेला पंजा), मुष्टी, शिखर सहज येतात. अलपद्म म्हणजे फुललेलं फूल, ते त्यांना फार आवडतं. त्रिपताकेत मात्र अनामिका एकटी वाकवायची असते आणि इवल्या पंज्यांना ते जमत नाही. मुलं दुसऱ्या हाताने ते बोट दाबून धरतात. तो हट्ट धरू नका. मुद्रेचं नाव पाठ करण्यापेक्षा तिने काय काय करता येतं ते त्यांना विचारा. 'पताक' दाखवून "हे काय असेल?" म्हटलं की भिंत, पोळी, बसचं दार, "बाबा थांब म्हणतात तसं" अशी उत्तरं येतात आणि अभिनयाचा पहिला धडा तिथेच होतो.

वर्ग पस्तीस-चाळीस मिनिटांचा पुरे. आठ-दहा मुलं आणि तुमच्याशिवाय एक मोठी मदतनीस हवीच, तिच्याशिवाय वर्ग घेऊ नका. एखाद्याला शू लागली, एखादं पडलं, तर बाकीची मुलं एकटी सोडता येत नाहीत. शौचालयात कोण नेणार, मुलाला नेण्या-आणण्याचा अधिकार कुणाला, फोटो काढायचे की नाही, हे प्रवेशाच्या कागदावर लिहून पालकांची सही घ्या. स्पर्श करण्याआधी मुलाला विचारा, "तुझा हात धरू का?" नाही म्हणालं तर नाही.

काही मुलं आठवडेच्या आठवडे दाराशी बाटली धरून उभी राहतात. त्यांना ओढून आणू नका, नजरेनेही पिच्छा पुरवू नका. बहुतेकदा आई नंतर सांगते की घरी येऊन सगळं करून दाखवतो. मात्र एखादं मूल आवाजाने सतत कान झाकत असेल, हाकेला कधीच वळत नसेल, तर ते चार-पाच वर्गांत नीट पाहा आणि पालकांना एकटं बोलावून फक्त जे पाहिलं तेवढं सांगा. निदान करणं आपलं काम नाही. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, एवढंच म्हणा.

हे सगळं विशारदच्या अभ्यासक्रमात नसतं. म्हणून स्वतःचा वर्ग उघडण्याआधी एखाद्या चांगल्या बालवाडीत काही सकाळी जाऊन मागे बसा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं आणि पुढे कोसबाडला वाढवलेलं काम वाचा. आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून मुलांना कसं शिकवायचं हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हे वय पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरलं, त्यामुळे शाळाही आता अशा शिक्षकांची चौकशी करतात. मुलाखतीत तुमच्या तोड्यांपेक्षा तुम्ही रडणाऱ्या मुलाचं काय कराल हेच विचारतील.

फी तीन महिन्यांची एकदम घ्या. जुलै-ऑगस्टात सर्दी-तापाने निम्मा वर्ग गळतो, मग गणपती येतात. महिन्याची फी ठेवली तर हॉलचं भाडं अंगावर येतं. पालक पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारतात : परीक्षेला कधी बसवणार आणि गॅदरिंग कधी. परीक्षेचं नाव या वयात काढूच नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा, कुठे पळून जात नाही, वाचता-लिहिता यायला लागलं की बघू म्हणावं. स्टेजबद्दल माझं मत कडक आहे. प्रखर दिवे, गालावर मेकअप, रात्री नऊपर्यंत जागरण आणि मोठ्यांच्या गाण्यांवर मोठ्यांसारखे हावभाव, हे या मुलांकडून करवून घेणं मला अन्याय वाटतो. एखादा प्रवेश गेला तरी चालेल, पण इथे ठाम राहा.

त्याऐवजी सत्राच्या शेवटी पालकांना वर्गात बोलवा. बघायला नाही, करायला. चपला बाहेर, मोबाइल दाराजवळच्या टोपलीत, आणि आई-बाबा-आजी सगळे रिंगणात. ठेका लावा, बोल मुलांनाच म्हणू द्या, तिसऱ्या 'धा'ला कोण हललं ते मुलंच सांगतील. अर्धा तास पुरतो. आजी-आजोबांसाठी भिंतीकडेला खुर्च्या मांडून ठेवा.