उत्क्रांती समजून घेताना या चुका टाळा, सुरुवात बोंडअळीपासून

आमच्या परभणीकडं कोणत्याबी कृषी केंद्रापुढं जरा वेळ उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं, "अळीला औषधाची सवय झाली भाऊ, आता डोस वाढवा." पहिली चूक हीच, आणि लई महागात पडणारी.

एकट्या अळीला सवय लागत नसते. बीटी म्हणजे अशी कपाशी, जिच्या झाडातच अळी मारणारं विष तयार होतं; तिचं बोंड खाल्लं की अळी मरते नाहीतर जगते, त्या अळीचे जीन्स काही त्यामुळं बदलत नाहीत. होतं काय, की लाखो अळ्यांत दोन-चार आधीपासूनच अशा असतात ज्यांच्यावर ते विष चालत नाही, बाकीच्या मेल्या की ह्याच उरतात, ह्यांच्याच पतंगांच्या जोड्या जमतात आणि दर पिढीला ह्यांचंच खानदान वाढत जातं. आपल्याकडं 2002 ला विष तयार करणाऱ्या एका जीनचं बीटी आलं, 2006 ला दोन जीनवालं आलं, तरी 2017 ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं कशी पोखरली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

विष आलं म्हणून अळीनं स्वतःत बदल करून घेतला, असंबी बरेच जण म्हणतात. तसं नसतं, म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, आपोआप कधीबी होतं, गरज बघून होत नाही.

आता बियाण्याच्या पिशवीतली ती 120 ग्रॅमची नॉन बीटीची, म्हणजे विष नसलेल्या साध्या कपाशीच्या बियांची पुडी आठवा, जी आपण बांधावर फेकून दिली. तिचं काम लई मोठं होतं. त्या झाडांवर साध्या अळ्या जगणार, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळणार, आणि पिल्लांना तो जीन आई-बापापैकी एकाकडूनच मिळाला तर ती बीटीवर बहुतेक मरतातच. हे कोणी नीट समजावून सांगितलं असतं तर ती पुडी फेकली नसती, असं मला मनापासून वाटतं.

"बळी तो कान पिळी" म्हणजे उत्क्रांती, हा अजून एक घोळ. इथं ताकद मोजत नाहीत, पिल्लं किती मागं राहिली ते मोजतात, आणि तेबी त्या जागेपुरतं. विष पचवणाऱ्या अळीला बीटी नसलेल्या रानात त्याचा काही उपयोग नाही.

पोरं विचारतात, माणूस माकडापासून झाला तर आताची माकडं माणूस कामून होत नाहीत? चिंपांझी आपला चुलतभाऊ आहे, आजोबा नाही. दोघांचा पूर्वज एकच, तो साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वीचा.

आणि ह्या लाखो वर्षांच्या आकड्यामुळंच शेवटची चूक होते, उत्क्रांती आपल्या डोळ्यादेखत होत नाही असं वाटतं. गुलाबी अळीची पिढी महिन्या-सव्वा महिन्यात पूर्ण होते. फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरबी कपाशी रानात तशीच राखली की तिला अजून एक-दोन पिढ्या फुकट मिळतात, त्याबी बीटी खातच, म्हणजे निवड चालूच. म्हणून डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटून रान मोकळं करा, ही अळी जवळपास कपाशीवरच जगते, तिला पुढं खायला काही राहत नाही.